वास्तव्यातला खंड

“सुगंधाताई, नागरिकत्वाचा अर्ज करायचा, तर एवढं वर्ष देशाबाहेर पाऊल टाकू नका. वास्तव्यात खंड पडला, तर सगळं पहिल्यापासून,” असं शेजारचे वकील आप्पासाहेब यांनी बजावलं होतं... आणि आज गारखेड्यातल्या घरात वीजबिलं, व्हिसाचे कागद, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती पसरून बसलेल्या सुगंधाला मॉरिशसहून भावाचा फोन आला. आई आता फार दिवसांची सोबती नव्हती.

मॉरिशसच्या मराठी घरातून शिकायला म्हणून या शहरात आलेली सुगंधा बिडकीनच्या बद्रीनाथशी लग्न करून इथलीच झाली होती. तो अपघातात गेला आणि सासूबाईंच्या, द्वारकाबाईंच्या मनात एकच भय घर करून बसलं... ही परक्या मुलखातली पोर एक दिवस नातीला उचलून समुद्रापार निघून जाईल! नातीचा, ईश्वरीचा पासपोर्ट त्यांनी आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला. सुगंधाने तो कधी मागितला नाही. त्या दुखावलेल्या जिवाला स्वस्थता लाभावी म्हणूनच ती जन्मभूमीचं नागरिकत्व सोडून इथलं मागत होती. पण हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“दादा, मला येता येणार नाही,” ती फोनवर म्हणाली. “अजून दोन महिने बाकी आहेत. आईला सांग... नको, काहीच सांगू नकोस.”

ती वळली, तर दारात द्वारकाबाई उभ्या.

“आई लई आजारी हाय तुझी?”

“हो, आत्याबाई.”

“आन् तू जायची नाय? या कागदापायी?”

“कागद झाला की तुमची भीती जाईल,” सुगंधा म्हणाली. “मी ईश्वरीला घेऊन जाईन, असं वाटतं ना तुम्हाला...”

द्वारकाबाई आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात नातीचा पासपोर्ट होता.

“जा. पोरीला बी ने. त्या आजीनं नातीला बघाय नको व्हय?”

“आणि मी परत नाही आले तर?”

“येशील,” एवढंच त्या म्हणाल्या. पण पदर डोळ्यांना लागला होता.

आईनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा तिचा हात सुगंधाच्या हातात होता, आणि ईश्वरी उशाशी बसली होती...

दिवसकार्य उरकून सुगंधा परतली. चिकलठाण्याच्या विमानतळावर आप्पासाहेबांबरोबर त्यांच्या गाडीतून द्वारकाबाई आल्या होत्या.

“आता आजपासून पुन्हा बारा महिने मोजायचे,” आप्पासाहेब गाडी सुरू करताना हळहळले.

“मोजू की. घाई कुणाला हाय?” द्वारकाबाईंनी झोपाळलेल्या नातीला मांडीवर घेतलं.

जालना रोडवरून गाडी निघाली. द्वारकाबाईंनी नातीच्या अंगावर पदर पांघरला. मग हलकेच म्हणाल्या, “सुगंधा, तुझ्या आईचं नाव काय गं? इतक्या वर्षांत मी इचारलंच नाय... पितरपाटाच्या पंधरवड्यात बद्रीसंगं तिच्या बी नावानं घास ठेवीन म्हणते.”

“लक्ष्मी,” सुगंधा म्हणाली. आणि आईच्या चितेपुढेही न रडलेली ती, सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.