सदतीस सह्या आणि एक राजीनामा

रविवारी सकाळी सात वाजता उमाबाईंनी मुनशी गल्लीतली एकूण एक कडी वाजवली. दार उघडलं की त्या एवढंच सांगायच्या आणि पुढच्या दाराकडे वळायच्या: विहीर बुजवणार आहेत, आणि म्हणे आपणच सांगितलंय बुजवायला.

श्रिया तोंडातला ब्रश न काढताच धावली. कठड्यावर डकवलेल्या कागदाची खळ अजून ओली होती. नोटीस हिंदीत होती. मुनशी गल्लीची जुनी सार्वजनिक विहीर बुजवून त्या जागी सामुदायिक भवन बांधण्यात येईल. भरावाचं काम शुक्रवारी सुरू होईल. त्याखाली आणखी एक ओळ: आधार – मोहल्ला समिति के सचिव का राजीनामा एवं सैंतीस निवासियों के हस्ताक्षर.

तिने ती ओळ दोनदा वाचली. सदतीस हा आकडा तिला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. कुठे, ते आठवेना.

मध्य प्रदेशातल्या देवासच्या टेकडीखालच्या या गल्लीत नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी पार्षद, म्हणजे वॉर्डाच्या नगरसेविका, विनोदिनीबाईंनी सगळ्यांना देवळाच्या ओट्यावर बोलावून विचारलं होतं, गल्लीसाठी काय करायचं? लोक म्हणाले, विहीर. मग दर रविवारी माणसं आत उतरली. अकरा ट्रॉल्या गाळ निघाला. श्रिया इंदूरहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून परतलेली आणि नोकरीच्या शोधात होती. तिने पाण्याचे नमुने तपासले, तक्ते केले. विनोदिनीकाकूंनी भर सभेत तिच्या खांद्यावर हात ठेवून “ही आपली शास्त्रज्ञ” असं सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात माइक दिला. त्या दिवसापासून श्रिया काकूंसाठी काहीही करायला तयार होती.

आता जमाव तात्यासाहेबांच्या दाराशी पोचला होता. तात्यासाहेब म्हणजे समितीचे सचिव, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. आठवड्यापूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्याने अंधुकच दिसायचं. घोळक्यात कुणीतरी राजीनाम्याचा अर्थ विचारला, तर कोर्टात खेटे घातलेला एक जण म्हणाला, राजीनामा म्हणजे समझौत्याचा कागद, लेखी मंजुरी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

उमाबाईंनी सरळ विचारलं, “तात्यासाहेब, खरं सांगा. राजीनामा दिलात का?”

म्हाताऱ्याने चाचपत चौकट धरली. मग म्हणाला, “दिला होता. चुकलंच माझं.”

आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत गल्लीत त्यांचं नाव फितूर असं पडलं. उमाबाईंनी त्यांच्याकडे रोज जाणारा भाकरीचा डबा बंद केला. संध्याकाळी विनोदिनीकाकू आल्या, नोटीस वाचून डोळे पुसले. हे माझ्या पाठीमागे झालंय, म्हणाल्या. कुणीतरी आपल्यातलंच आहे, पण तात्यांचं वय झालंय, त्यांना माफ करून टाका. बुधवारी सभा घेऊ, सगळे मिळून बोलू.

लोकांना काकूंचा मोठेपणा वाटला. श्रियालाही वाटला. फक्त एक गोष्ट तिला खुपत राहिली. लपवाछपवी करणारा माणूस पहिल्याच प्रश्नाला हो म्हणत नाही.

सोमवारी ती निगमाच्या कार्यालयात गेली. फाइल राजवीर नावाच्या तरुण उपयंत्र्याकडे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याकडे होती. समितीच्या नावाचा टाइप केलेला अर्ज टपालात आला, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने फोटो काढू दिला नाही, बघू मात्र दिलं.

पहिला कागद तात्यासाहेबांच्या हातचा होता, त्यात शंकाच नव्हती. तसं वळणदार मराठी आता कुणी लिहीत नाही. श्रियाची शाळा हिंदी माध्यमाची. मराठी ती बोलायची झरझर आणि वाचायची अडखळत. तिने एकेक अक्षर लावत तो मजकूर वहीत उतरवून घेतला: ‘मुनशी गल्लीच्या विहिरीच्या कामाचा राजीनामा मी राजीखुशीने आपल्या हवाली करीत आहे. स्वीकार व्हावा.’

“साफ़ तो लिखा है,” राजवीर म्हणाला. “राजीनामा, और वो भी राजीखुशी से. अब इसमें क्या पूछना?”

दुसरा कागद सह्यांचा. सदतीस. बाविसावी तिची स्वतःची. सही खरी होती आणि तिने असल्या मंजुरीवर ती कधीच केली नव्हती. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरं होती: फा, त, कु. राजवीरला वाटलं होतं घरांचे नंबर असतील. श्रियाने पर्समधली पट्टी काढली. फाइलमधले बाकीचे कागद एकोणतीस सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर लांब होते. हा सव्वीस भरला. वरची कड कात्रीने कापलेली, जराशी तिरपी.

फा म्हणजे फावडं. त म्हणजे तगारी, गाळ वाहायचं घमेलं. कु म्हणजे कुदळ. श्रमदानाच्या रविवारी अवजार घेताना केलेल्या सह्या होत्या त्या; सदतीस हा आकडाही तिने तिथेच पाहिला होता. वरचं ‘श्रमदान उपस्थिती’ हे शीर्षक तेवढं गेलं होतं.

निघताना तिने भवनाच्या नकाशावर नजर टाकली. कोपऱ्यात नाव होतं: प्रतापराव स्मृती भवन. प्रतापराव म्हणजे विनोदिनीकाकूंचे दिवंगत सासरे. तिने तेही वहीत लिहिलं आणि स्वतःलाच बजावलं की नावावरून काही सिद्ध होत नाही. सासऱ्यांचं नाव कुणीही सुचवलं असेल.

अवजारांचा कागद धवलकडे असायचा. धवल मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि समितीचा सगळा हिशोब-किताब, म्हणजे फावडी किती नि तगाऱ्या किती, तोच ठेवायचा. मंगळवारी श्रियाने त्याला दुकानातच गाठलं.

“शेवटच्या श्रमदानाचा कागद कुठे आहे?”

“माझ्याजवळ नाही आहे.”

“मग कोणाजवळ?”

“काकूंना देऊन टाकला ना यार. श्रमदानाच्या सर्टिफिकेटवर नावं बरोबर लिहायची होती त्यांना.”

“तू वरचा भाग असा तिरपा कापला होतास?”

धवल भडकला. “माझ्यावर शक करतेस? दो महीने गाळ उपसला मी. पाठ अजून शेकतो आहे. आणि भिया, कापायचंच असतं तर सरळ कापला असता, तिरपा कशाला?”

तारीख दाखवायला त्याने समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. बारा तारखेला कागद दिल्याचा त्याचा निरोप होता. वर सरकताना नऊ तारखेचा काकूंचा एक संदेश गेला, हारतुऱ्यांच्या चित्रांसकट: तात्यासाहेब हमारे सचिव थे, हैं और रहेंगे. खाली तीस जणांनी हात जोडले होते. हा संदेश कशावरून आला होता, ते धवलला आठवत नव्हतं. वाढदिवस असेल, म्हणाला.

तात्यासाहेबांचा वाढदिवस चैत्रात असतो. श्रिया तिथून तडक त्यांच्याकडे गेली.

ते एकटेच बसले होते. जेवला का विचारलं तर पोहे खाल्ले म्हणाले. स्वयंपाकाच्या ओट्यावर पोह्यांचं भांडं कोरडं होतं. रविवारी सगळ्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्यांनी एक उत्तर दिलं होतं. श्रियाला आता वाटू लागलं होतं की दोन्ही बाजूंनी तोच शब्द वापरला, गोष्ट मात्र वेगवेगळी होती.

“तात्यासाहेब, तुम्ही राजीनामा कशाचा दिला होता?”

“कशाचा म्हणजे? सचिवपदाचा. राजीनामा आणखी कशाचा देतात?”

श्रियाने मोबाइलवर नोटिशीचा फोटो उघडला. मग तिने त्यांना नोटीस पहिल्यांदाच मोठ्याने वाचून दाखवली. गल्लीतल्या कुणीही ती त्यांना वाचून दाखवली नव्हती. दिसत नाही हे माहीत असूनसुद्धा.

त्यांना वाटलं होतं, आपण रागाच्या भरात काम सोडलं म्हणून लोक चिडले. राग फोटोंचा होता. दर रविवारी काम थांबवून फोटोवाल्यासमोर फावडी धरून उभं राहायचं, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी पार्षदांना चिठ्ठी लिहिली. दुसऱ्याच दिवशी विनोदिनीबाई घरी आल्या. तुम्ही पद सोडलंत तर आम्ही बघायचं कोणाकडे, असं म्हणाल्या, पाया पडल्या.

“आणि चिठ्ठी?”

“फाडली की माझ्यासमोर.”

“चिठ्ठी फाडली, की पाकीट?”

तात्यासाहेबांचा उघडा डोळा तिच्यावर स्थिरावला. “पाकीट,” ते सावकाश म्हणाले. “जाडं, खाकी.” मग, “मी तिला मुलगी म्हणत होतो गं.”

श्रियाला माइक आठवला, खांद्यावरचा हात आठवला. घरी येऊन तिने आपले पाण्याचे तक्ते पाहिले. त्यांच्या प्रतीही काकूंनी मागून घेतल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गल्ली जमली. श्रियाच्या विनंतीवरून राजवीर फाइल घेऊन आला होता. तात्यासाहेबांना तिने हाताला धरून आणलं. लोक सरकून बसले. जागा द्यायला नव्हे, लांब व्हायला.

श्रियाने माइक घेतला नाही. ती आधी सह्यांबद्दल बोलली. फा, त, कु यांचा अर्थ तिने सांगितला, तेव्हा मागून कुणीतरी हसलं आणि एकदम थांबलं. कागद जवळपास पावणेचार सेंटिमीटरने आखूड आहे, शीर्षक कापलं गेलंय, आणि धवलने तो बारा तारखेला कोणाला दिला ते ग्रुपवर सगळ्यांना दिसतंय. मग तिने तात्यासाहेबांची चिठ्ठी वाचली आणि हिंदीत राजीनामा म्हणजे मंजुरी असली तरी मराठीत पद सोडणं, हे सांगितलं. ही चिठ्ठीही त्याच व्यक्तीच्या हातात गेली होती. दोन कागद दोन वाटांनी निघाले आणि एकाच घरात पोचले.

सगळ्या माना विनोदिनीकाकूंकडे वळल्या.

काकू उठल्या. आवाज अगदी शांत होता. माझं शिक्षण हिंदीत झालं, म्हणाल्या, तुमच्या मुलांसारखंच. राजीनामा वाचला, राजीखुशी वाचलं, मला वाटलं तात्यांची मंजुरी आहे. सह्यांचे कागद घरी एकत्र झाले असतील, कार्यकर्त्याने लावले असतील. “मराठी वाचण्यात माझी चूक झाली. ही चूक इथल्या कोणाकडूनही होऊ शकते. श्रिया, तुझ्याकडूनसुद्धा झाली ना?”

झाली होती. ओट्यावर कुजबुज झाली. दोनचार चेहरे सैल पडले. काकूंना माफ करायला ते तयारच होते.

“झाली,” श्रिया म्हणाली. “पण तुमच्याकडून नाही झाली. सगळ्यांनी मोबाइल काढा. नऊ तारीख.”

तात्यासाहेब हमारे सचिव थे, हैं और रहेंगे. लोक ओठ हलवत वाचू लागले.

“मंजुरी देणाऱ्या माणसाला सचिव राहा म्हणून कुणी विनवत नाही, काकू. तो पद सोडतोय हे तुम्हाला नऊ तारखेला समजलं होतं. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, पाया पडलात, रिकामं पाकीट फाडलंत. मराठी तुम्हाला बरोबर वाचता आलं. निगमातल्या माणसाला ते हिंदीत वाचता येईल, हेही तुम्हालाच सुचलं.”

राजवीर एवढा वेळ फाइलमधलं पान शोधत होता. त्याने ते सापडल्यावर वाचून दाखवलं. भवनाच्या योजनेला लोकसहभागाचा पुरावा लागतो: रहिवाशांच्या सह्या, एकत्र काम करतानाचे फोटो, जागेची पाहणी. सगळं जोडलेलं होतं. श्रियाचे पाण्याचे तक्ते परिशिष्ट तीनमध्ये होते. वर नाव होतं प्रतापरावांचं.

“म्हणजे गाळ काढायला बोलावलंच नव्हतं आपल्याला,” धवल म्हणाला. “फोटो काढायला बोलावलं होतं.”

विनोदिनीकाकूंनी पदर सावरला. “बाबांचं नाव शहरात कुठे तरी राहावं एवढंच होतं,” त्या म्हणाल्या. “दुसरी सरकारी जागा वॉर्डात नाही. आणि भवन तुमच्याच उपयोगाचं होतं. विचारलं असतं तर तुम्ही विहीरच म्हणाला असता.”

“म्हणून आधी विचारलंत,” उमाबाई म्हणाल्या, “आणि मग ऐकलं नाहीत.”

राजवीरने सांगितलं की आज लेखी हरकत मिळाली तर शुक्रवारचं काम तो थांबवू शकेल. पण हरकत सह्यांनिशी हवी. श्रियाने तिथेच अर्ज लिहिला, खाली आपली सही केली आणि पेन पुढे धरलं.

कुणी घेतलं नाही. दोन महिने ज्या हातांनी अवजार उचलताना न बघता सही केली होती, ते हात आता मांडीवर होते. मागचे काही जण उठून चपला शोधू लागले. श्रियाने अंदाज केला: दहा-पंधरा सह्या नसतील तर अर्जाला वजन नाही, आणि परवा ट्रॉल्या येतील.

उमाबाई पुढे आल्या. “आधी मोठ्यानं वाच.”

तिने वाचलं.

“आता मराठीत सांग.”

तिने सांगितलं.

“ही वरची जागा कोरी का ठेवलीस?”

श्रियाने कोऱ्या जागेवर आडव्या रेघा ओढल्या. उमाबाईंनी तरी समाधान मानलं नाही. त्यांनी कागदाच्या कडेपासून स्वतःच्या नावापर्यंत एक रेघ ओढली, सही केली, सहीपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणखी एक रेघ ओढली आणि त्यावर ‘विहीर राहावी म्हणून’ असं लिहिलं. मग त्या तात्यासाहेबांजवळ जाऊन बसल्या.

“रविवारी मी फार बोलले,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

“मला ओळ दिसत नाहीये,” तात्यासाहेब म्हणाले. “बोट ठेव तिथं.”

उमाबाईंनी त्यांचं बोट कागदावर टेकवलं.

त्यानंतर एकेक जण आला. प्रत्येकाने आधी वाचून घेतलं, प्रत्येकाने स्वतःच्या नावाच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढली. वेळ लागला. एकवीस सह्या झाल्या. बाकीचे न बोलता घरी गेले. राजवीर म्हणाला, पुरेशा आहेत.

काकू अजून खांबापाशी उभ्या होत्या. “श्रिया,” त्या म्हणाल्या, “मीही याच गल्लीत राहते. मला नाही विचारलंस.”

श्रियाने एकविसाव्या सहीखाली रेघ ओढली आणि कागद राजवीरच्या हातात दिला.