मागचं डावं दार

बसा. तुमच्या गाडीच्या लॉकला अजून अर्धा तास लागेल. आणि ती कोपऱ्यातली पांढरी गाडी विकायची नाही, आधीच सांगून टाकतो. जो येतो तो विचारतो. तुम्हाला घाई नाही म्हणालात, म्हणून सांगतो. कोणाला तरी सांगायलाच हवं.

गाडी टेलरची. पलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, माझ्या मुलीचे शाळेचे कपडे तोच शिवायचा. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. मध्यंतरी ताई जिन्यावरून घसरली आणि मांडीपर्यंत प्लास्टर आलं. दवाखान्यात न्यायचं तर मागच्या सीटवर पाय लांब करून बसवावं लागे. नेमकं त्याच वेळी मागच्या डाव्या दाराचं लॉक रुसलं. कधी रिमोटला दाद द्यायचं, कधी ढिम्म.

असलं दुखणं मी झोपेतही ओळखतो. दाराची उघडझाप होऊन होऊन बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटते. तीच तुटली होती. जोडली, दाराला आतून झाकणारं पॅड बसवलं, स्क्रू आवळले. हात पुसताना ट्रेमध्ये एक क्लिप दिसली. पिवळी, नखाएवढी. आतल्या हँडलची सळई धरून ठेवते ती. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, काही उरलं तर समजायचं कंपनीने जास्तीचं दिलं होतं. तो विनोद मी स्वतःलाच सांगितला. पॅड पुन्हा काढायचं म्हणजे सात स्क्रू, आणि मला कडकडून भूक लागलेली. आतलं हँडल एकदा ओढून पाहिलं, दार उघडलं. सळई नुसती टेकून राहिली होती, हे मला कळत होतं बरं का. तरी टेलरला म्हणालो, "पक्कं केलंय. बिनघोर ने."

आठव्या दिवशी दवाखान्यातून परतताना टेलर औषधं घ्यायला उतरला. ताईचा डोळा लागला होता, म्हणून काचा बंद करून रिमोटने लॉक करून गेला. दुकानात गर्दी होती आणि बाहेर ऊन रणरणत होतं. तो परत आला तेव्हा ताई त्याच डाव्या दाराला टेकलेली होती, हात हँडलवर. प्लास्टरच्या पायाने दुसऱ्या दाराकडे सरकता आलं नसणार. सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, भावाने कोंडून मारली. मी भेटायला गेलो तर तोही तेच म्हणत होता, "मीच लॉक केलं रे... मीच." आणि मी समोर बसून मान हलवली! अहो, रिमोटने लॉक केलं तरी आतलं हँडल ओढलं की दार उघडायलाच हवं. हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. क्लिप माझ्या खिशात होती. पण ती तशीच खिशात ठेवून मी उठून आलो. धंदा बसेल, पोलीस येतील, असलं काहीबाही डोक्यात. भेकड माणूस मी.

दोन महिन्यांनी एका दुपारी तो गाडी घेऊन आला. चेहरा पार ओढलेला.

"त्या दाराचं लॉक आपोआप वाजतं. नुसती उभी असली तरी वाजतं. जरा बघ."

मी फ्यूज काढला.

टक्.

बॅटरीची वायर काढली आणि थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडीत तापलेल्या सीटचा वास होता, आणि त्याखाली ओल्या प्लास्टरचा. टक्. दाराच्या काचेजवळची खुंटी वर आली, खाली गेली.

"वीजच नाहीये..." मी पुटपुटलो.

"मग?" टेलरने विचारलं.

पॅड काढलं. आत सळई सुटून लोंबत होती, माझ्याकडे बोट दाखवल्यासारखी. मी लॉकची मोटरच काढून बाकावर ठेवली. आता वाजायला काही उरलंच नव्हतं. आणि मग आतलं हँडल हललं... हळूच ओढलं गेलं, सुटलं. पुन्हा ओढलं गेलं. दमलेल्या माणसाने जीव एकवटून ओढावं, तसं. सळई नुसती डुलायची.

"ताई..." माझ्या तोंडून निघून गेलं.

मी तिथेच खाली बसलो आणि टेलरला सगळं सांगितलं. क्लिप, सात स्क्रू, माझी भूक. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "बसव ती."

क्लिप बसवली. मोटर आणि पॅडही लावलं. टेलर मागच्या सीटवर ताईच्या जागी जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. मग आतून हँडल ओढलं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"एवढंच काम होतं?"

"हो..."

"दहा मिनिटांचं?"

"हो रे."

किल्ली बाकावर ठेवून तो चालत निघून गेला. मी हाका मारल्या, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

याला तीन आठवडे झाले. ते दार तेव्हापासून गप्प आहे. वाटलं, ताई सुटली. माझं म्हणाल तर मला जेवण जात नाही. ताट पुढे आलं की ते हँडल दिसतं.

पण आज सकाळपासून पुढचं दार वाजतंय. टेलर बसायचा त्या बाजूचं. त्या दाराला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही... ऐका, ऐका... ऐकलंत?

टेलरला तीनदा फोन लावला, उचलत नाही. जाऊन बघायला पाय उचलत नाहीत माझे. तुम्ही त्याच गल्लीतून आलात ना? त्याचं दुकान उघडं होतं का हो?