शुक्रवारची पेज

"फेलिशिया आताच गेली," मोनिकाबाय म्हणाली. "जरा आधी आली असतीस तर भेटली असती."

रिटा लोपीसच्या हातातला पेजेचा डबा निसटता निसटता राहिला. फेलिशियाला माती देऊन महिना होत आला होता. निर्मळच्या रस्त्यावर, केळीच्या वाडीशेजारच्या वळणावर, कुठल्याशा गाडीने तिला उडवलं होतं. गाडी पळाली ती पळालीच, पोलिसांना अजून तिचा पत्ता नव्हता.

फेलिशिया चर्चच्या भेटमंडळीत होती. ही मंडळी घरात अडकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जेवण पोचवतात, त्यांच्याजवळ बसतात. फेलिशिया दर शुक्रवारी मोनिकाबायकडे पेज आणायची आणि गळ्यातल्या छोट्या डबीतून ख्रिस्तप्रसादही, म्हणजे मिसेच्या उपासनेत पवित्र केलेली पातळ भाकर. ती गेल्यावर शुक्रवारची पाळी रिकामीच राहिली. मंडळीची प्रमुख रिटा 'आज बघू, उद्या बघू' करत बसली होती. आज लाज वाटून ती स्वतः डबा घेऊन आली, आणि ऐकते काय, तर हे.

मोनिकाबायला दिसत नव्हतं, चालवत नव्हतं. पण तिच्या तळपायांना आत्ताच चोळलेलं खोबरेल चमकत होतं. ओठाच्या कडेला पेजेचं शीत होतं. रिटा स्वयंपाकघरात गेली. मोरीशेजारी फेलिशियाचा पितळी कडीचा डबा पालथा घातलेला होता, ओला. वाडीकडचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

अपघाताच्या दिवशी हा डबा इथेच सापडला, म्हणूनच सगळे म्हणाले होते की फेलिशिया बायला जेवू घालून परत निघाली आणि वाटेत गेली.

"बाय, ती बोलते काय?" रिटाने विचारलं.

"नाय. मी 'फेलिशिया, आलीस काय गो?' म्हनते. ती गप. मेलेलं मानूस काय बोलनार?"

"रोझरीची प्रार्थना म्हणते तुझ्याबरोबर?"

"मी म्हनते, ती ऐकते. प्रसादपन आनत नाय आता. पेज भरवते, पाय चोळते नि जाते."

आता रिटा काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. चाळीस पोरांचे वर्ग सांभाळून निवृत्त झालेली शिक्षिका ती. पण त्या घरातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही, हे खरं. भीती वाटली होती तिला, चांगलीच.

आणि भीतीपेक्षा मोठी काळजी होती. बायचा पुतण्या गॉडफ्रे गावभर सांगत सुटला होता की आत्याचं डोकं फिरलंय, तिला मेलेली माणसं भेटतात. रविवारी मिसा झाली की तिला वृद्धाश्रमात न्यायचं, असं ठरलं होतं. फादरांनीही मान डोलावली होती. बायचं एकच मागणं होतं, याच खाटेवर डोळे मिटू द्या. रिटाच्या हातात फक्त शनिवार होता.

आधी तिने गॉडफ्रेलाच गाठलं. घर आत्याचं, वाडी आत्याची, म्हातारीला घाबरवून फायदा कुणाचा होता? पण तो शुक्रवारी दिवसभर अर्नाळ्याला मासळी बाजारात असायचा, आणि दहा जण तशी साक्ष देत होते.

"आणि रिटाबाय," तो कडवटपणे म्हणाला, "मला तिचे पाय चोळायला जमलं असतं, तर मी तिला आश्रमात कशाला धाडलं असतं?"

हे उत्तर तिला पटलं. मग ती फादरांकडे गेली. अपघातानंतर फेलिशियाच्या गळ्यातली डबी कुठे गेली, एवढंच तिने विचारलं.

"तिच्या घरच्यांनी मला आणून दिली, न उघडता. आत ख्रिस्तप्रसाद तसाच होता, मीच ग्रहण केला. बायला त्या दिवशी गिळवलं नसेल, असं वाटलं मला."

रिटा तशीच बायकडे परतली. अपघाताच्या दिवशी प्रसाद घेतला होतास का, असं विचारलं. बाय म्हणाली, नाय, त्या दिवशी नुसती पेजच. आणि तेव्हापासूनच ती मुकी झाली.

रात्रभर रिटाचा डोळा लागला नाही.

रविवारी मिसेत प्रसादासाठी अख्खं चर्च उठलं. रिटा मात्र रांगेत लागली नाही, ती खांबाशी उभी राहून बघत होती. बाकांवर थोडीच माणसं उरली: परधर्मीय पाहुणे, लहान पोरं आणि एक जण, ज्याने आयुष्यात कधी प्रसाद चुकवला नव्हता. मिसा संपेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.

मिसेनंतर सगळे मोनिकाबायच्या घरी जमले. फादर, गॉडफ्रे, आणि बायची खुर्ची उचलायला ऑस्कर. भेटमंडळीतला सगळ्यात भला माणूस, मंडळींना स्वतःच्या व्हॅनमधून फुकट नेणारा. व्हॅनचं इंजिन गेलंय म्हणत तो हल्ली सायकलवर फिरत होता. गॉडफ्रेने म्हणूनच भाड्याची गाडी आणली होती.

"खुर्ची खाली ठेव, ऑस्कर," रिटा म्हणाली. "बायचं डोकं ठिकाणावर आहे. तिच्याकडे खरंच कुणीतरी येतं."

रिटा सांगू लागली. डबीत प्रसाद होता, म्हणजे फेलिशिया इथे पोचलीच नव्हती. आधी प्रसाद, मग पेज, हा तिचा नेम. तरी तिचा डबा इथे आला आणि बायचं पोटही भरलं. मग तो आणला कुणी? डबा कुणासाठी आहे, मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, हे ठाऊक असलेल्या माणसाने. म्हणजे आपल्याच मंडळीतल्या. बरं, त्याने फेलिशियाला रस्त्यात पडलेली पाहिली आणि महिनाभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. असं कोण करतं? ज्याने तिला पाडलं तोच.

"तो बायबरोबर प्रार्थना करत नाही," रिटा म्हणाली. "आणि फादरांपुढे पाप कबूल करून कन्फेशन केलेलं नाही म्हणून प्रसादाच्या रांगेतही उठत नाही. देवाला तरी फसवायला नको, एवढी लाज त्याला उरलीय. ऑस्कर, तुझी व्हॅन कुठे आहे रे?"

ऑस्कर भिंतीला टेकून खाली बसला.

"घरामागे, ताडपत्रीखाली," तो म्हणाला. "तिला गाडीत घ्यावं म्हणून हॉर्न दिला. गळ्यात डबी असली की ती वाटेत कुणाशी बोलत नसे, मागे वळत नसे. माझ्या ध्यानातच आलं नाही. मी गाडी अजून जवळ घेतली. एका हातात फोन होता."

"ती तेव्हा जिवंत होती?" रिटाने विचारलं.



"होती. डबा माझ्याकडे सरकवला तिने. म्हणाली, बाय उपाशी आहे. पलीकडून लोक धावत येताना दिसले. मी गाडी वाडीच्या आडोशाला घातली आणि डबा घेऊन इकडे आलो. बायने विचारलं, फेलिशिया, आलीस काय गो? मला 'नाही' म्हणवलं नाही."

गॉडफ्रे त्याच्या अंगावर धावला, फादरांनी त्याला अडवलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"फेलिशियाच्या हातात बांगड्या होत्या," मोनिकाबाय म्हणाली. "हा हात पुरुषाचा हाय ते मला कळत नाय? मला नेहमी उचलनारा ऑस्करचा हात, पहिल्या दिवशीच कळलं. पाय चोळताना रडायचा, माझे पाय भिजायचे. मंग मी दर खेपेला तिचं नाव घेतलं. म्हनलं, एक दिवस तरी हा बोलल, नाय बाय, मी ऑस्कर."

"आणि त्यापायी आम्ही तुला वेडी ठरवलं," रिटा म्हणाली. "आश्रमात गेली असतीस ना तू."

"गेले असते. पन मीच त्याचं नाव घेतलं असतं तर तो पळाला असता. मंग जन्मभर पळतच राहिला असता."

ऑस्करने तिच्या पायांवर डोकं टेकलं. तिने त्याला उठवलंही नाही आणि दूरही केलं नाही. थोड्या वेळाने तो फादरांबरोबर पोलीस चौकीकडे चालत गेला. गॉडफ्रेने भाड्याची गाडी रिकामीच परत पाठवली.

पुढच्या शुक्रवारी गळ्यात डबी घालून रिटा निघाली. वाटेत कुणाशी बोलली नाही. केळीच्या वळणावर मागून हॉर्न वाजला तेव्हा ती वळली नाही, नुसती कडेला झाली. मागच्या दाराशी तिच्या हातातल्या फेलिशियाच्या डब्याची पितळी कडी वाजली.

"फेलिशिया, आलीस काय गो?" आतून बायने विचारलं.

रिटाने दार लोटलं.

"नाही बाय, मी रिटा."