तलावाकाठची कोरडी जागा

जरा जवळ सरका, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. बाहेर पाऊस असला की हल्ली माझा आवाज आपोआप खाली येतो.

आम्ही तंबू शिवतो. मी, माझी नणंद आणि सासूबाई. नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात, अंगानं आहेही तशीच. ती कापड बेतते, मी मशीनवर बसते आणि सासूबाई शिवणींवर मेण घासतात. आता मेण नीट बसलंय की नाही, हे घरात कळत नाही. बादलीभर पाणी ओतून पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी तंबू उघड्यावर, भर पावसात उभा करून आत बसावं लागतं. कुठं टिपूस गळलं की तिथं खडूनं खूण करायची. त्या दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता, म्हणून नवा तंबू घेऊन आम्ही तलावावर गेलो.

तलावाच्या अलीकडे पाटी होती. परवानगीशिवाय तंबू लावून मुक्काम करण्यास सक्त मनाई.

"मुक्कामाला मनाई आहे वहिनी, बसायला नाही," बारकी म्हणाली. "डोळा लागला तर गुन्हा. मी तुला चिमटे काढत राहीन."

मी हसले. तासाभराचं तर काम होतं.

पण तंबू लावायचा कुठं? गवतात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. खुंटी ठोकावी तर चिखल तिला परत ओकून टाकत होता. आम्ही काठाकाठानं बरंच पुढं गेलो, आणि तिथं ती जागा दिसली. चौकोनी, एका तंबूएवढी, आणि ठणठणीत कोरडी. खूप दिवस अंथरलेली चटई उचलल्यावर खालचं गवत दिसतं ना, पिवळं, चपटं, तसं गवत. वर झाड नाही, छप्पर नाही. आजूबाजूला नुसता चिखल.

बारकीनं वाकून हात लावला. "गरम आहे गं."

"बरंच झालं. बूड तरी ओलं होणार नाही," मी म्हटलं.

तंबू उभा राहिला. आत शिरून मी दाराच्या नाड्या बांधल्या आणि कान देऊन बसले. कापडावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मला पाठ आहे. ताणलेल्या छतावर तो वेगळा वाजतो, ढिल्या छतावर वेगळा.

तिथं काहीच वाजत नव्हतं.

नाड्यांच्या फटीतून बाहेरचा पाऊस दिसत होता. चिखलात थेंब उडताना दिसत होते. चहूकडून त्याचा घोष ऐकू येत होता. पण आमच्या छतावर एक थेंब नाही. मी तळवा वर टेकवला. कापड कोरडं होतं, आणि उबदार होतं.

"वहिनी... वास येतोय तुला?"

येत होता. ओल्या लोकरीचा, विझलेल्या दिव्याचा, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या पांघरुणांचा. आणि मग आवाज आला. सर्रर्र... कुणीतरी तंबूची चेन सावकाश उघडत होतं. आम्ही तंबूंना चेन लावत नाही, नाड्याच लावतो. तो आवाज आमच्या कापडाच्या बाहेर होता, पण पावसाच्या आत. जणू आमच्या तंबूवर आणखी एक मोठा तंबू उभा होता, आणि आम्ही दोन्हींच्या आत बसलो होतो.

बारकीनं माझा डावा हात घट्ट धरला. बाहेर कुणीतरी कूस बदलली. मग आणखी कुणीतरी. मागची कनात आत फुगली. तिला पाठ लावून कुणी झोपावं तशी. श्वास ऐकू येत होते. एकाचे नव्हते ते.

आणि तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी, आमच्याच तंबूत, एक पुरुष म्हणाला, "थांबा. मी बघून येतो."

दाराच्या नाड्या सुटल्या. गार हवा आत आली. दार पुन्हा पडलं. नाड्या नुसत्या लोंबत राहिल्या. मग बाहेर ती चेन बंद झाली... सर्रर्र... आणि त्याच क्षणी छतावर मूठमूठ खडी फेकावी तसा पाऊस कोसळू लागला.

किती वेळ आम्ही एकमेकींना मिठी मारून बसलो होतो, कोण जाणे. अंधारून आलं होतं. बॅटरीचा उजेड कापडावर पडला.

"कोण आहे आत? बाहेर या! इथं मनाई आहे, पाटी वाचता येत नाही?"

तलावाचा पहारेकरी होता. पकडले गेल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नसेल. भिजत, धडपडत आम्ही तंबू उतरवला. खालची जागा उघडी पडली तशी त्याची बडबड एकदम थांबली. तो दोन पावलं मागं सरला.

"दंड वगैरे राहू दे," तो म्हणाला. "आधी इथून चला."

तो आम्हाला रस्त्यापर्यंत घेऊन आला. मग म्हणाला, "पाणी घाण होतं म्हणून मनाई, असं सांगतात. असेलही. पण पावसाळ्यात इथं कधीकधी बेवारस गाडी सापडते. मालकाचं घर शोधून काढावं, तर घरचे म्हणतात, असा कुणी माणूस आमच्यात नव्हताच. खोटं बोलत नाहीत हो ते... तोंडावरून कळतं."

आमची गाडी पाटीजवळ उभी होती. किल्ली आतच लटकत होती.

"काढा गाडी," तो म्हणाला.

मी बारकीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिला गाडी चालवता येत नाही. मलाही येत नाही.

"मग आलात कशा?"

आम्हाला सांगता येईना.

त्यानंच आम्हाला घरी सोडलं. बसल्याबरोबर त्याला सीट चांगलीच पुढं ओढावी लागली. कुणा लांब पायांच्या माणसासाठी ती पार मागं सरकवलेली होती. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "ही तुमची नणंद ना? म्हणजे यजमानांची बहीण. ते कुठं असतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं. ही माझी नणंद, घरी आहेत त्या माझ्या सासूबाई, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण कुणामुळं? तिथं नुसती कोरडी, रिकामी जागा होती. शेजारी बसलेली बारकी माझ्याकडे वळली. "वहिनी," ती पुटपुटली, "मला भाऊ होता का गं?"

सासूबाईंनी दार उघडलं. आम्ही आत आलो, तरी त्या आमच्या मागच्या रस्त्याकडे बघत उभ्याच.

"काय बघताय, आई?"

"काही नाही गं..." त्यांचा हात कडीवर अडकून राहिला होता. "दार लावू ना?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं होती, 'अहो'. त्या नावानं मी कुणाचा नंबर ठेवला होता, देव जाणे. मी फोन कानाला लावला.

"पोचलात का नीट?" पुरुषाचा आवाज. दमलेला, पण फार मायेचा.

"कोण... कोण बोलतंय?"

मग शेजारी कुणी झोपलेलं असावं, इतक्या हळू तो म्हणाला,

"तेच विचारायला फोन केला गं... मी कसा दिसतो, ते सांग ना. इथं कुणालाच आपापलं काही आठवत नाही."