खाटेशेजारची बुरशी

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात अख्खं नागपूर वाळून पापड झालं होतं आणि कोराडीच्या वीज कॉलनीतल्या माझ्या क्वार्टरमध्ये मात्र भिंतीला बुरशी आली. चूक माझीच. कूलर लावला की एक खिडकी उघडी ठेवायची, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खिडकी उघडली की वीज केंद्राची राख आत येते, आणि राखेशिवाय माझ्याकडे येणारं कोणी नव्हतं. मी सगळं बंद करून झोपायचो.

बुरशी खाटेशेजारी आली. काळपट हिरवी, भिंतीला टेकून बसलेल्या माणसाएवढी. ओल्या चपलेसारखा वास. मागोमाग मला खोकला लागला.

नागपुरात बर्डीवरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "शिट्ट्या वाजतायत आत. घरात ओल आहे?"

मी बुरशीचं सांगितलं.

"खरवडून टाका. चुन्यात मोरचूद घालून पोतून घ्या. तोवर खाट हलवा. नाहीतर दमा घेऊन बसाल."

खाट समोरच्या भिंतीला लावली. आठवड्याभरात बुरशीही तिकडे आली. जुनी भिंत कोरडी, डागसुद्धा नाही. इतक्या आपुलकीनं माझ्यामागे आजवर कोणी आलं नव्हतं. मी तिला ऑफिसातल्या गमती सांगू लागलो. ती हसत नसे. ऑफिसातलेही हसत नसत.

शेजारच्या यमुताईंनी जिन्यात अडवलं. "पाहुणा आला का रे श्रीधर? दोघं जण खोकून राहिले दिवसभर."

"एकटाच आहे, यमुताई."

"काहून खोटं बोलतो? तू थांबला की तो सुरू करते."

घरी जाऊन मी श्वास रोखला आणि ऐकलं. भिंतीत शिट्टी वाजत होती. बारीक, जरा फाटकी. माझीच.

भिंत पोतायला आलेल्या पेंटरला मी दोनदा दारातूनच परत पाठवलं. मग एक दिवस जिना चढताना मध्येच बसावं लागलं. ओठ निळे पडलेत, असं यमुताई म्हणाल्या. त्यांनीच नत्थू पेंटरला बोलावलं.

नत्थूनं खरवडायचा पत्रा भिंतीला लावला आणि हात मागे घेतला.

"साहेब, हे भिंत गरम हाय."

"उन्हानं."

"उन्हानं गरम होते, मान्य. पण उन्हानं हालते का?"

त्यानं माझा तळवा धरून तिथं ठेवला. भिंत हळू वर येत होती. हळू खाली जात होती.

"खरवडू का राहू देऊ? आताच सांगा. मले भेव लागून राहिलं."

मला जगायचं होतं. "खरवड."

पापुद्रे पडत गेले. भिंत एकदा खोकली. मग नाही.

निळसर चुन्याचा हात फिरला आणि माझा खोकला थांबला. शिट्टी गेली. मी जिना धावत उतरलो, धावत चढलो. दम लागला नाही.

अजिबात नाही.

डॉक्टरांनी नळी लावली. "खोल श्वास घ्या."

घेतला. नळी सरकली.

"घ्या."

"घेतोय."

नळी पाठीवर गेली. त्यांनी पंखा बंद करून पुन्हा ऐकलं. मग नळी स्वतःच्या छातीला लावून पाहिली. माझं मनगट बराच वेळ धरून ठेवलं.

"छाती साफ आहे," ते हळूच म्हणाले. "घरी कोण असतं?"

"आता कोणी नाही."

त्यांनी हात पुसले, घंटी वाजवली. पुढच्या बाई आत आल्या आणि स्टूल रिकामं असल्यासारख्या बसू लागल्या.

मी वेळीच उठलो.