बावन्न ग्रॅमचा गहू

"मॅडम, लातूरच्या गव्हाचे हजार दाणे अडतीसच ग्रॅम भरले!"

फोन ठेवला आणि चौकशी अधिकारी उज्वला हंबर्डे भोकरचा दौरा अर्धवट टाकून देगलूरच्या बीज केंद्राकडं निघाल्या. त्यांना गव्हातलं कळायचं, पण माणसांतलं जरा जास्तच कळायचं.

गेल्या वर्षी केंद्रप्रमुख डॉ. वैजनाथ शेटकारांच्या नव्या वाणाचे हजार दाणे बावन्न ग्रॅम भरले होते. बघणारे हरखून गेले! यंदा तेच बी लातूरला दुसऱ्या लोकांनी पेरलं, तर दाणा साध्या गव्हाएवढा. शेजारचा जुना वाण मात्र नेहमीसारखाच भरला. म्हणजे हवामानाला बोल लावायची सोय नव्हती.

"बी कोठारातच बदललं," शेटकार म्हणाले. "कोठार गौरम्माकडं असतं."

एवढ्यावर बाई चोर ठरली! गौरम्मा अठरा वर्षं रोजंदारीवर होती. तिला कायम करण्याचा आदेश साहेबांनी सही न करता अडवून ठेवला होता.

उज्वलाबाईंनी तिला बोलावलं.

"पिशवी उघडली होतीस?"

"न्हाई मॅडम. शिक्का साहेबांचा. म्या कशाला हात लावू?"

"हा गहू शेतात पाहिलास?"

"कुठून? पाखरं येतेत म्हणून साहेबांनी वरून खालून जाळी लावली, कुलूप घातलं. फुलोऱ्यात रोज एकलेच आत जायचे. आमाला मनाई व्हती."

"तेव्हा तू कुठं होतीस?"

"बाजूच्या टरबुजात. येलावर दोनच फळं ठेवायची, बाकीची बारकी असतानाच खुडायची. तवाच राहिलेली लई फुगतेत."

उज्वलाबाईंचा पेन थांबला. पाणी कुठं मुरतंय, हे आता दिसायला लागलं होतं.

त्यांनी गेल्या वर्षी वजन करून बरणीत जपून ठेवलेले दाणे आणि लातूरच्या पिकाची पानं जनुक तपासणीला पाठवली. वजन केलेल्या ओळीतली ओंब्यांची एक जुडी नियमानं लातूरच्या कचेरीत ठेवलेली असते, तीही मागवली. अहवाल आला तशा त्या पुन्हा देगलूरला हजर झाल्या. गौरम्मालाही त्यांनी समोर बसवलं.

जुडी टेबलावर सोडली. खालचे दाणे टपोरे, शेंडे मात्र बोडके.

"वरचे दाणे कुठं गेले, डॉक्टरसाहेब?"

"पोपटांनी खाल्ले असतील."

"कुलूपबंद जाळीत?"

उज्वलाबाईंनी अहवाल त्यांच्यापुढं सरकवला.

"बरणीतलं बी आणि लातूरचं बी एकच निघालं. जनुकं तंतोतंत जुळली. म्हणजे बी कुणी बदललंच नाही. खोटं होतं ते पहिलं वजन! फुलोऱ्यात तुम्ही ओंब्यांचे शेंडे कात्रीनं छाटलेत. चोच ओरबाडते; हे काप बघा, सगळे एका रेषेत. सगळं अन्न उरलेल्या मोजक्या दाण्यांत गेलं आणि ते फुगले. पण छाटलेल्या ओंबीचा दाणा मोठा झाला, म्हणून त्याच्या पोटातलं जनुक बदलत नाही. पुढच्या पिढीत तो आपल्या मूळ मापावर आला. लातूरला कात्री चालवायला तुम्ही नव्हतात, म्हणून गौरम्माच्या गळ्यात घातलंत."

"एकाच ओळीचे छाटले," शेटकार पुटपुटले. "पुढच्या महिन्यात वाण मंजूर करणारी समिती बसणार होती. वाण माझ्या नावावर लागला असता."

"आणि हजारो शेतकऱ्यांनी तुमचं नाव पेरलं असतं, गहू नाही!" उज्वलाबाई कडाडल्या. "लाज वाटायला पाहिजे. आता आधी गौरम्माला कायम करण्याच्या या आदेशावर सही करा, मग कबुली लिहा."

शेटकारांनी मान खाली घालून सही केली. उज्वलाबाईंनी कागद गौरम्माच्या हातात दिला. तिनं तो घेतला, पण चेहरा काही उजळला नाही.

"मॅडम, म्या चोर न्हाई, असं लिवलंय का यात?"

उज्वलाबाईंनी आदेश वरपासून खालपर्यंत वाचला. तसं कुठंच नव्हतं.

"नाही गं."

"मंग हे राहू द्या," गौरम्मानं कागद टेबलावर परत ठेवला. "आधी ते लिवा."