बाकाचा मूळ रंग

दिवा असू दे, घाबरणार आहात तुम्ही. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही, माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली आहे. तो पेंटर. जुन्या स्टेशनात अकरा वर्षं रोजंदारीवर होता. तिथं आता गाडी थांबत नाही, वारसा म्हणून जपलंय नुसतं. आणि जपलंय म्हणजे काय, तर जसंच्या तसं ठेवायचं म्हणून प्रत्येक साहेबानं बदललं! फलाटावरचं लांब बाक एकानं हिरवं करवलं, दुसऱ्यानं तपकिरी, तिसऱ्यानं पिवळं. प्रत्येकाचं पालुपद एकच, "मूळ रंग हाच." साडू वैतागून गेला होता.

गेल्या वर्षी सत्तावीस नोव्हेंबरला, बुधवारी, नव्या साहेबांनी फर्मावलं, "उद्या नऊला पाहणी. बाक पुन्हा हिरवं करा. नीट झालं तर तुम्हाला कायम करायच्या कागदावर सही करतो."

अकरा वर्षं याच सहीसाठी जोडे झिजवले होते. साडू डबा-ब्रश घेऊन संध्याकाळीच कामाला लागला.

रात्री साडेअकराला शेवटची फळी झाली. तो हात पुसत होता, तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज आला. अगदी शांत.

"हा नव्हता."

वळून पाहिलं. फलाट रिकामा. ओल्या रंगावर मात्र नखाचा ओरखडा... या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दातओठ खात त्यानं पुन्हा रंगवलं.

"हा नव्हता."

पुन्हा ओरखडा. डबा तळाला गेला. दोन वाजले. साडू रडकुंडीला आला. भीतीपेक्षा संताप मोठा, पोरांनो! ब्रश आपटून ओरडला, "मग कोणता होता? एकदाचा दाखव तरी!"



बाक करकरलं.

कुणीतरी उठल्यासारखं...

साडू पळाला.

सकाळी सगळं बाक हिरवं, मधली एकच फळी वेगळी. लाल म्हणावी तर लाल नाही, काळी म्हणावी तर काळी नाही. साहेब हरखले. "हाच तो मूळ रंग! अख्खं बाक असंच करा, मग सही."

चार महिने साडूनं रंग कालवले. जुळला नाही. साहेबांची बदली झाली, सही राहिली ती राहिलीच. मला अजून चीड येते.

परवा मुद्दाम गेलो. त्या फळीला नुसतं बोट टेकवलं...

हे बघा बोट. वर्ष उलटलं, फळी अजून ओली आहे.